कर्णनाद : मोजावयाचे काय, नाद की पीडा?

'कर्णनाद' हा शब्द आपण ग्रंथांतून शिकलो. रुग्ण मात्र तो शब्द उच्चारीत नाही. तो म्हणतो, "कानात रातकिडे ओरडतात." दुसरा म्हणतो, "कुकरची शिट्टी थांबतच नाही." कोणाला पिठाच्या गिरणीची घरघर ऐकू येते, तर कोकणातील रुग्णाला समुद्राची गाज. आपण हे सारे ऐकून घेतो आणि केसपेपरवर 'कर्णनाद, उभय कर्ण, काल ६ मास' असे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पंधरवड्याने रुग्ण पुन्हा येतो. "आता कसे आहे?" या प्रश्नाला तो "थोडे बरे वाटते" असे उत्तर देतो आणि आपण 'उपशय, किंचित' अशी नोंद करतो.

हे 'किंचित' म्हणजे नेमके किती? नाद कमी झाला, की नाद तेवढाच राहून झोप लागू लागली? की वैद्यांना वाईट वाटू नये म्हणून रुग्ण सौजन्याने तसे म्हणाला? या प्रश्नांना उत्तर देऊ शकेल असे काहीही आपल्या नोंदीत नसते. ज्वरात तापमापक आहे, प्रमेहात रक्तशर्करा आहे, संधिवातात संधीची हालचाल अंशांत मोजता येते. कर्णनाद हा मात्र केवळ रुग्णालाच प्रत्यक्ष असणारा विकार आहे. काही थोडे रुग्ण वगळता तो नाद दुसऱ्या कोणाच्याही कानाला ऐकू येत नाही. अशा विकाराची पीडा मोजता येते काय, येत असल्यास कशी, आणि आयुर्वेदाच्या चिकित्सकाने ती का मोजावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

शास्त्रातील भूमिका

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या विसाव्या अध्यायात २८ कर्णरोग सांगितले आहेत. शब्दवह नाड्यांमध्ये विमार्गग वायू स्थिर झाला की मनुष्य नाना प्रकारचे शब्द ऐकू लागतो, त्यास त्यांनी 'प्रणाद' म्हटले आहे. 'क्ष्वेड' वेगळा सांगून त्याच्या हेतूंत श्रम, क्षय आणि रूक्ष-कषाय आहार यांचा निर्देश केला आहे. माधवनिदानाने या दोहोंतील शब्दांचे स्वरूप अधिक स्पष्ट केले. कर्णनादात भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखा, तर क्ष्वेडात वेणूसारखा ध्वनी. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २६ व्या अध्यायात वातज कर्णरोगाच्या लक्षणांत नाद सांगितला आहे. सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायातील ८० वातविकारांच्या यादीत 'अशब्दश्रवण' हा विकारही येतो. शब्द नसता शब्द ऐकणे, ही या विकाराची किती नेमकी व्याख्या आहे!

ग्रंथकारांनी नादाचा प्रकार सांगितला, हेतू सांगितले, दोष सांगितले, चिकित्सा सांगितली. पीडेचे तारतम्य मात्र त्यांनी कर्णरोगाच्या अध्यायात नव्हे, तर अन्यत्र सांगितले आहे आणि आमच्या मते ते स्थळ या विषयाचा पाया आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातवा अध्याय, व्याधितरूपीय, याच विषयाने सुरू होतो. तेथे दोन प्रकारचे रुग्ण वर्णिले आहेत. एकाचा व्याधी गुरू असतो, परंतु सत्त्व, बल आणि शरीर यांच्या संपन्नतेमुळे तो लघुव्याधित असल्यासारखा दिसतो. दुसऱ्याचा व्याधी लघू असतो, परंतु सत्त्वादींच्या अल्पतेमुळे तो गुरुव्याधित असल्यासारखा दिसतो. केवळ बाह्य रूपावर विसंबणारा वैद्य येथे फसतो. पहिल्याला तो मृदू संशोधन देतो आणि दोष अधिकच उदीर्ण करतो. दुसऱ्याला तीक्ष्ण संशोधन देतो आणि त्याचे शरीर क्षीण करतो.

व्याधीचे बल आणि रुग्णाचे रूप या दोन भिन्न गोष्टी आहेत व वैद्याने दोन्ही स्वतंत्रपणे जाणल्या पाहिजेत, हे येथील सूत्र. कर्णनादाला ते जसेच्या तसे लागू पडते.

नाद मोजता येतो, परंतु...

आधुनिक श्रवणतज्ज्ञ कर्णनादाचा 'आवाज' मोजू शकतात. ऑडिओमीटरच्या साहाय्याने रुग्णाला निरनिराळ्या पट्टीचे आणि तीव्रतेचे ध्वनी ऐकवितात. आतल्या नादाशी जो ध्वनी जुळतो तो त्याने सांगावयाचा. यातून नादाची पट्टी हर्ट्झमध्ये आणि तीव्रता डेसिबलमध्ये मिळते. बाहेरचा किती ध्वनी दिला असता आतला नाद झाकला जातो, हेही मोजता येते.

या मापनातून हाती आलेली गोष्ट मात्र अनपेक्षित होती. बहुतेक रुग्णांत जुळविलेली तीव्रता ही त्या पट्टीच्या श्रवणमर्यादेपेक्षा जेमतेम वर, पुष्कळदा १० डेसिबलच्या आतच भरते. "डोके फुटेल" असे सांगणाऱ्या रुग्णाचे माप आणि "असतो आवाज, पण लक्ष जात नाही" असे सांगणाऱ्याचे माप, यांत पुष्कळदा फारसा फरक आढळत नाही. नादाची डेसिबलमधील तीव्रता आणि रुग्णाची पीडा यांचा परस्परसंबंध दुर्बळ आहे, हे वारंवार दिसून आले आहे.

या संदर्भात १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग उद्बोधक आहे. ऐकण्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना त्यांनी ध्वनिरोधक कक्षात बसविले आणि काय ऐकू येते ते सांगावयास सांगितले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकू येत असल्याचे सांगितले. म्हणजे पुरेशी शांतता लाभली तर निरोगी माणसालाही आतला ध्वनी जाणवतो. तो ध्वनी रोग केव्हा बनतो? १९९० साली पावेल यास्त्रेबॉफ यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार, श्रवणमार्गातील हा क्षीण संकेत मेंदूतील भावनेशी आणि अनैच्छिक चेतासंस्थेशी संबंधित भागांशी जोडला जातो, धोक्याची खूण म्हणून गणला जातो, आणि मग मनुष्य त्याच्यावर सतत पहारा ठेवू लागतो. पहारा वाढला की नाद अधिक जाणवतो. नाद अधिक जाणवला की पहारा वाढतो.

या उपपत्तीला प्राणवायू आणि मन यांच्या संबंधाचे नाव देऊन दोन्ही शास्त्रे एकच सांगतात असे ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. तेवढी ओढाताण करण्याचे कारणही नाही. दोन्ही वाटांनी निष्कर्ष एकच निघतो : केवळ नाद मोजून रुग्ण कळत नाही.

दोन रुग्ण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून दोन रुग्ण कल्पू. पहिला इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार, वय ५२, तीस वर्षे मागाच्या खडखडाटात काढलेली. उच्च पट्टीचे श्रवण बरेच कमी झालेले. नाद दोन्ही कानांत, अहोरात्र. जुळविलेली तीव्रता श्रवणमर्यादेच्या वर ८ डेसिबल. तो मुळात ऐकू कमी येते म्हणून आला आहे. नादाविषयी विचारले तेव्हाच त्याने सांगितले. दुसरी निवृत्त शिक्षिका, वय ६१, श्रवण वयोमानानुसार, नाद एका वर्षापासून, तीव्रता ४ डेसिबल. रात्री दोन-दोन तास झोप नाही. वाचन सुटले. नातवंडांचा गलबला सहन होत नाही. "हे आता मरेपर्यंत असेच का?" हा प्रश्न ती प्रत्येक भेटीत विचारते.

यंत्राच्या मापाने पहिल्याचा नाद मोठा. पीडेच्या मापाने दुसरी कितीतरी अधिक रुग्ण. ऑडिओमीटरचा कागद पाहून "तुम्हाला विशेष काही नाही, सवय करून घ्या" असे या शिक्षिकेला सांगणे हे व्याधितरूपीय अध्यायातील फसगतीचेच एक रूप होय. तिचा नाद लघू असेल; तिचा व्याधी लघू नाही.

२०२२ साली 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संकलित विश्लेषणानुसार जगातील सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव येतो; तीव्र स्वरूपाचा त्रास मात्र सुमारे २ टक्क्यांना होतो. हे १४ आणि २ यांमधील अंतर म्हणजेच नाद आणि पीडा यांमधील अंतर. चिकित्सकाची खरी गरज या दोन टक्क्यांना आहे, आणि ते ओळखण्याचे साधन ऑडिओमीटर नव्हे.

पीडा मोजणारी प्रश्नावली

ते साधन म्हणजे सुरचित प्रश्नावली. १९८८ मध्ये हॅलम व सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये आणि १९९१ मध्ये विल्सन व सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात अशा प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. सर्वाधिक प्रचारात आली ती मात्र १९९६ साली अमेरिकेत न्यूमन, जेकबसन आणि स्पिट्झर यांनी सिद्ध केलेली 'टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी', संक्षेपाने टीएचआय. तिची भाषांतरे जगातील अनेक भाषांत झाली आहेत.

टीएचआयमध्ये २५ प्रश्न आहेत. नादामुळे मन एकाग्र होत नाही काय, लोकांचे बोलणे ऐकण्यास अडथळा येतो काय, झोप लागत नाही काय, वाचन जमत नाही काय, कामधंद्यात वा घरकामात व्यत्यय येतो काय, लोकांत मिसळणे टळते काय, चिडचिड होते काय, घरच्यांशी संबंध ताणले जातात काय, थकवा, चिंता, औदासीन्य येते काय, अशा आशयाचे हे प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला तीनच उत्तरे : 'होय' असल्यास ४ गुण, 'कधी कधी' असल्यास २, 'नाही' असल्यास ०. एकूण गुण ० ते १००. दहा मिनिटांत ती भरून होते.

या २५ पैकी पाच प्रश्न विशेष लक्ष देऊन वाचावेत. हताश वाटणे, या नादातून सुटका नाही असे वाटणे, आपल्याला भयंकर रोग जडला आहे असे वाटणे, आपले नियंत्रण सुटले आहे असे वाटणे, आणि आता हे सहन करणे शक्य नाही असे वाटणे, असा त्यांचा आशय आहे. एकूण गुण मध्यम असूनही या पाचांना 'होय' असे उत्तर असेल, तर त्या रुग्णाला पुढील तारीख देऊन पाठवू नये. त्याच्याशी त्याच दिवशी सविस्तर बोलावे.

एकूण गुणांच्या पाच श्रेणी २००१ साली ब्रिटिश तज्ज्ञांच्या गटाने निश्चित केल्या. त्या अशा :

पहिली श्रेणी, ० ते १६ गुण, अत्यल्प : नाद केवळ शांततेत जाणवतो.

दुसरी श्रेणी, १८ ते ३६ गुण, सौम्य : परिसरातील आवाजाने नाद सहज झाकला जातो, कामात विसरला जातो.

तिसरी श्रेणी, ३८ ते ५६ गुण, मध्यम : भोवती आवाज असतानाही नाद जाणवतो, तरी दैनंदिन कामे होतात.

चौथी श्रेणी, ५८ ते ७६ गुण, तीव्र : नाद जवळजवळ सतत, झोप बिघडलेली, कामांत व्यत्यय.

पाचवी श्रेणी, ७८ ते १०० गुण, अतितीव्र : नाद सतत, झोप बिघडलेली, कोणतेही काम करणे कठीण.

गुण दोन-दोनांनी वाढतात, म्हणून १७ वा ३७ असे गुण येत नाहीत. नोंदीत विषम संख्या दिसली की बेरीज चुकली असे समजावे.

टीएचआयची एक मर्यादा अशी की उत्तरे तीनच असल्याने सूक्ष्म बदल तिच्यात नीट उमटत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी २०१२ साली अमेरिकेत मेरी माइकल व सहकाऱ्यांनी 'टिनिटस फंक्शनल इंडेक्स', म्हणजे टीएफआय, प्रसिद्ध केली. तिच्यातही २५ प्रश्न आहेत. परंतु प्रत्येकाचे उत्तर ० ते १० च्या पट्टीवर, मागील आठवड्याचा अनुभव आठवून द्यावयाचे असते. प्रश्नांचे आठ गट आहेत : नादाचा उपद्रव, नियंत्रणाची भावना, बुद्धीची कामे, निद्रा, श्रवण, विश्रांती, जीवनमान आणि भावना. टीएफआयची रचनाच मुळी चिकित्सेनंतरचा बदल टिपण्यासाठी केलेली आहे. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या मार्च २०२० च्या मार्गदर्शिकेत कर्णनादाच्या परिणामाचे मूल्यमापन करण्यासाठी टीएफआयचा विचार करावा असे सुचविले आहे.

किती गुण घटले म्हणजे बरे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. समजा, वरील शिक्षिकेने १३ प्रश्नांना 'होय', ८ प्रश्नांना 'कधी कधी' आणि ४ प्रश्नांना 'नाही' असे उत्तर दिले. ५२ अधिक १६, एकूण ६८, श्रेणी तीव्र. तीन महिन्यांच्या चिकित्सेनंतर ८ 'होय', ९ 'कधी कधी', ८ 'नाही'. ३२ अधिक १८, एकूण ५०, श्रेणी मध्यम. घट १८ गुणांची. चिकित्सा यशस्वी झाली काय?

येथे दोन आकडे ध्यानात ठेवावे लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ७ गुणांची घट ही रुग्णाला जाणवणाऱ्या सुधारणेची किमान मर्यादा होय. परंतु १९९८ साली प्रश्नावलीच्या मूळ कर्त्यांनीच असे दाखविले होते की, काहीही चिकित्सा न करता तीच प्रश्नावली काही दिवसांनी पुन्हा भरून घेतली तरी गुणांत चढउतार होतात. एका विशिष्ट रुग्णात झालेला बदल हा या चढउताराच्या पलीकडचा आहे असे खात्रीने म्हणण्यासाठी घट २० गुणांची असावी. टीएफआयसाठी तिच्या कर्त्यांनी १३ गुणांची घट अर्थपूर्ण मानली आहे.

तेव्हा १८ गुणांच्या घटीविषयी प्रामाणिक विधान असे होईल : रुग्णेला जाणवेल एवढी सुधारणा दिसते, ती चिकित्सेमुळेच झाली असे या एका नोंदीवरून म्हणता येत नाही. 'किंचित उपशय' यापेक्षा हे विधान कितीतरी अधिक सांगते, आणि 'कर्णनाद बरा केला' यापेक्षा कमी. शास्त्राला या मधल्या विधानाचीच गरज असते.

आणखी एक गोष्ट. रुग्ण वैद्याकडे येतो तो त्रास शिगेला पोहोचला असताना. शिगेला पोहोचलेली गोष्ट पुष्कळदा आपोआपही काहीशी खाली येते. त्याच काळात आपले तेल, आपला काढा चालू असतो आणि श्रेय त्यांना जाते. यावर सोपा उपाय असा की, चिकित्सा सुरू करण्यापूर्वी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा प्रश्नावली भरून घ्यावी. दोन्ही वेळचे गुण जवळपास सारखे असतील तर आपला पाया पक्का. दुसऱ्या वेळी १५ गुण आपसूकच उतरले असतील तर पुढील घटीकडे सावधपणे पाहावे. रुग्णाची स्थिती चिकित्सा थांबविण्याजोगी असेल तेव्हा हे अंतर ठेवणे योग्य. अन्यथा रुग्णाची निकड प्रथम.

प्रश्नावली भरून घेण्याची रीत

साधन कितीही उत्तम असले तरी ते हाताळण्यात शिस्त नसेल तर माप चुकते. आमच्या अनुभवातील काही गोष्टी येथे नमूद करतो.

१. प्रश्नावली रुग्णाने स्वतः भरावी. आईच्या वतीने मुलाने, पत्नीच्या वतीने पतीने उत्तरे देऊ नयेत. "तिला तसं काही नाही हो, उगीच मनाला लावून घेते" हे वाक्य आपल्या दवाखान्यांत वारंवार ऐकू येते. घरच्यांच्या देखत रुग्ण, विशेषतः सुना आणि वृद्ध स्त्रिया, चिडचिड वा नैराश्य मान्य करीत नाहीत.

२. वाचता न येणाऱ्या रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावेत. परंतु चिकित्सा करणाऱ्या वैद्याने नव्हे, सहायकाने. वैद्यासमोर रुग्ण बरे वाटत असल्याचेच सांगतो. पहिल्या वेळी ज्या रीतीने भरून घेतली त्याच रीतीने पुढील प्रत्येक वेळी घ्यावी.

३. प्रश्नावलीचे भाषांतर आपल्या मनाने करू नये. भाषांतर, मग दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत उलट भाषांतर, दोहोंची तुलना आणि रुग्णांवर चाचणी, या क्रमाने तपासलेली आवृत्तीच वापरावी. प्रश्नातील एक शब्द बदलला तरी वरील श्रेणी लागू पडतीलच असे नाही.

४. मागील वेळचे गुण पुन्हा भरताना रुग्णाला दाखवू नयेत.

५. ऐकू कमी येणे आणि नाद यांची गल्लत होते. "लोकांचे बोलणे कळत नाही" यास नाद कारण की बाधिर्य, हे रुग्णाला वेगळे करता येत नाही. म्हणून श्रवणचाचणी झालेलीच असावी.

६. दुःख केवळ कानाचे आहे की मनाचे स्वतंत्र दुखणेही आहे, हे पाहण्यासाठी नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही पट्टी सोबत वापरावी. तिचे गुण ० ते २७ असतात. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे; त्याचे उत्तर न वाचता कागद फाईलमध्ये लावू नये.

प्रश्नावलीच्या आधी

पीडा मोजणे हे निदानाला पर्याय नव्हे. काही रुग्णांत प्रश्नावली बाजूला ठेवून प्रथम कर्णतज्ज्ञांकडे पाठविणे हेच वैद्याचे कर्तव्य ठरते. एकाच कानात सतत नाद, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा नाद, तीन दिवसांच्या आत अकस्मात आलेले बाधिर्य, नादासोबत भ्रम, चेहऱ्याची दुर्बलता वा अन्य चेताविकार, कानातून स्राव, शिरोघातानंतरचा नाद. यांपैकी अकस्मात बाधिर्यात तर एकेक दिवस मोलाचा असतो. तेथे कर्णपूरणाने प्रारंभ करून आठवडा घालविणे अक्षम्य होय. कर्णपटल सच्छिद्र असताना कानात तेल घालू नये, हे सर्वांना ठाऊक असले तरी पटल पाहिल्यावाचून तेल घातले जाते, हेही तितकेच खरे.

रुग्ण घेत असलेली औषधेही विचारावीत. अधिक मात्रेतील अ‍ॅस्पिरिन, क्विनीन, क्षयरोगादींत वापरली जाणारी अमिनोग्लायकोसाइड वर्गातील इंजेक्शने, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन, यांनी नाद उत्पन्न होऊ शकतो. तथापि ती औषधे वैद्याने परस्पर बंद करू नयेत. संबंधित डॉक्टरांशी संपर्क साधावा. कानातील मळ, पांडू, रक्तदाब, थायरॉइडचे विकार यांकडेही लक्ष द्यावे.

आत्मघाताचे विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णाला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवावे. घरच्यांना विश्वासात घ्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर लावून ठेवावा.

आपल्या चिकित्सेची कसोटी

कर्णपूरण, नस्य, शिरोभ्यंग, बस्ती, घृतपान, रसायन अशी वातशामक चिकित्सा आपण कर्णनादात करतो. सुश्रुताचार्यांनी कर्णरोगांच्या सामान्य चिकित्सेत घृतपान व रसायन यांसोबत व्यायाम टाळणे आणि अल्पभाषण यांसारखे पथ्यही सांगितले आहे. या चिकित्सेने रुग्णांना बरे वाटते असा आपणा सर्वांचा अनुभव आहे. परंतु 'आपणा सर्वांचा अनुभव' ही गोष्ट आपल्या दालनाबाहेर प्रमाण मानली जात नाही, आणि मानली जाऊही नये. ज्याने गुण आला नाही तो रुग्ण पुन्हा आपल्याकडे येत नाही. तो दुसरीकडे जातो, आणि आपल्या स्मरणात केवळ बरे झालेले उरतात.

इतर चिकित्सापद्धतींनी स्वतःला याच कसोटीवर घासून घेतले आहे. मनाच्या प्रतिक्रियेवर काम करणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे सीबीटीचा, २०२० साली कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला. त्यात २८ अभ्यास आणि २,७३३ व्यक्तींचा समावेश होता. कोणतीही चिकित्सा न घेणाऱ्या गटाच्या तुलनेत उपचाराअखेर टीएचआयच्या मापाने सुमारे ११ गुणांची घट आढळली. हा उपचार नाद बंद करीत नाही. तो पीडा कमी करतो आणि किती कमी करतो ते सांगू शकतो. उलट, २०१४ सालच्या अमेरिकन कर्णतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शिकेने गिंको या वनस्पतीचा अर्क, जस्त, मेलॅटोनिन व अन्य पूरक पदार्थ कर्णनादासाठी सुचवू नयेत असे म्हटले आहे. वनस्पतिजन्य औषध म्हणून गिंकोला सवलत मिळाली नाही. आपल्या औषधांनाही ती मिळणार नाही, आणि आपण मागूही नये.

सत्त्वपरीक्षा ही दशविध परीक्षेतील एक परीक्षा आहे. प्रवर, मध्यम आणि अवर सत्त्व ओळखावे असे विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. 'अवरसत्त्व' हा मात्र रुग्णाला नावे ठेवण्याचा शब्द नव्हे, त्याला अधिक आधाराची गरज आहे एवढेच तो सांगतो. तीव्र श्रेणीतील रुग्णाला औषधांसोबत नादाचे स्वरूप समजावून सांगणे, रात्री निःशब्द खोलीऐवजी पंख्याचा वा पाण्याचा मंद ध्वनी चालू ठेवण्यास सुचविणे, श्रवणयंत्राची गरज असल्यास ते घेण्यास प्रवृत्त करणे आणि आवश्यकता वाटल्यास मानसतज्ज्ञांचे साहाय्य घेणे हा चिकित्सेचाच भाग आहे. अत्यल्प श्रेणीतील रुग्णाला मात्र पुष्कळदा श्रवणचाचणी आणि धीराचे चार शब्द पुरतात. त्याला महिनोन् महिने औषधे देत राहणे म्हणजे नसलेल्या पीडेकडे त्याचे लक्ष वेधणे होय.

आमची सूचना अगदी लहान आहे. कर्णनादाच्या प्रत्येक रुग्णासाठी केसपेपरला एक कागद जोडावा. त्यावर पुढील गोष्टी असाव्यात : नादाचे रुग्णाच्या शब्दांतील वर्णन, कोणता कान व किती काळ, कर्णपटल पाहिल्याची नोंद, श्रवणचाचणीचा दिनांक, चिकित्सेपूर्वीचे दोन गुण, चिकित्सेचा पूर्ण तपशील, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी घेतलेले गुण, आणि येण्याचे थांबलेल्या रुग्णाला दूरध्वनी करून विचारलेली स्थिती. ज्यांना गुण आला नाही त्यांचे कागद फेकू नयेत. उलट तेच अधिक जपावेत. एका दवाखान्यात वर्षाकाठी दहा-पंधराच असे रुग्ण येतील. परंतु पन्नास वैद्यांनी एकाच रीतीने नोंदी ठेवल्या, तर कोणत्या रुग्णांत आपल्या चिकित्सेचा लाभ होतो आणि कोणत्या रुग्णांत होत नाही, याविषयी आपल्याला प्रथमच काही आधाराने बोलता येईल.

रुग्णाच्या दृष्टीनेही या कागदाचे मोल आहे. ज्याचे दुखणे कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याला घरचेही "मनाचे खेळ" म्हणून गप्प करतात, त्याच्यासमोर कोणीतरी पंचवीस प्रश्न ठेवते आणि उत्तरे गंभीरपणे लिहून घेते. आपली पीडा खरी मानली गेली, हे त्याला त्या क्षणी कळते. त्यानंतर आपण जी चिकित्सा करू तिची सुरुवात तेथूनच झालेली असते.